प्रकरण चौदावे : सित्तम

शनिवारी दुपारी जेवणं उरकली आणि मद्रासजवळच्या आवडी गावातल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सहा माणसं जागा मिळेल तिथं आडवी झाली. झोपलं मात्र कुणीच नव्हतं. शैलाअक्का पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पण त्यांच्या पायाचा अंगठा हलत होता. अंगठा हलतोय म्हणजे अक्का मनातल्या मनात भांडताहेत, हे त्यांच्या धाकट्या भावाला, कृष्णकांतरावांना, लहानपणापासून ठाऊक होतं. ते आरामखुर्चीत तोंडावर पेपर घेऊन बसले होते. अक्कांना बोलावणारं पत्र त्यांनीच लिहिलं होतं आणि आता त्यांना त्याचा पस्तावा होत होता.

पत्रात तशा दोनच ओळी होत्या. विमल येत्या रविवारी इथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचं म्हणते, मला काय करावं कळत नाही. एवढं वाचून अक्का दोन दिवसांचा प्रवास करून साताऱ्याहून मद्रासला आल्या होत्या, प्रमोदिनीला बरोबर घेऊन. काल आल्यापासून इथल्या उकाड्याला, सांबाराला आणि ऑटोवाल्यांना नावं ठेवून झाली होती. मूळ विषयाला मात्र अजून कुणी हात घातला नव्हता.

प्रमोदिनी म्हणजे कृष्णकांत आणि विमलाची धाकटी मुलगी. ती आठ महिन्यांची असताना अक्कांकडे गेली आणि साताऱ्याचीच झाली. अक्कांना ती आई म्हणायची, आणि विमलाला 'मद्रासची आई'. या नावात वाईट असं काही नव्हतं. चार माणसांत ओळख पटावी म्हणून एखाद्या काकूला पुण्याची काकू म्हणतात, तसंच ते होतं. फक्त ते ऐकलं की विमला दर वेळी हातातलं काम क्षणभर थांबवायची, आणि हे एकवीस वर्षांत घरातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

आत्ता विमला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, उशाला पाट घेऊन पडली होती. मागच्या दारातल्या शेवग्याची सावली फरशीवर हलत होती. स्टेशनाकडून लोकलचा भोंगा आला आणि विरून गेला. विमलाचा डोळा लागला.

दुपारच्या गुंगीत तिला नेहमी तांबरमच्या सॅनिटोरियमचा तो लांबच लांब व्हरांडा दिसायचा. ओळीनं खाटा, पांढऱ्या चादरी, समोर सुरूची झाडं. सुरूच्या पानांतून दिवसभर समुद्रासारखा आवाज येई. समुद्र तिथून दिसत नव्हता, पण संध्याकाळी ताप चढला की तो थेट खाटेखाली येऊन थांबलाय असं तिला वाटायचं. खाट हळूहळू पाण्यावर डुलू लागे. दूर, पाण्याच्या पलीकडे, कुणीतरी तान्ह्या पोरीला थोपटत असे आणि थोपटणारीचा चेहरा काही केल्या दिसत नसे.

एकोणसत्तर साली तिला क्षय झाला होता. अंगावर पिणारी पोर तोडून नणंदेच्या ओटीत घातली, सहा वर्षांचा रविकांत बापापाशी राहिला, आणि ती चौदा महिने त्या व्हरांड्यात पडून राहिली. तमिळ शब्द चारच येत होते. पाणी, दूध, दुखतंय, पुरे. शेजारच्या खाटेवर अरुळम्माळ नावाची साठीची बाई होती, नुसती हाडं आणि कुंकवाविना मोठं कपाळ. दिवेलागणीला ती उठून बसायची आणि प्रार्थना म्हणायची. मग वॉर्डातल्या आणखी चारजणी तिच्यामागून म्हणायच्या.

विमला ऐकत पडायची. त्या परक्या बोलण्यात मधूनच एखादा ओळखीचा शब्द भेटे. नामम. राज्यम. भूमी. गावाकडचं माणूस परमुलखात अचानक दिसावं तसे ते शब्द भेटत. आणि सगळ्यांत जवळचा, सित्तम. सित्तम म्हणजे चित्त, हे काय कुणी सांगायला हवं होतं? चार शब्द जोडून विमलानं आपल्यापुरता अर्थ लावला होता. वर तुझं चित्त जसं आहे, तसंच ते इथं भूमीवरही असू दे. देवाकडे मागायची इतकी नेमकी गोष्ट तिनं त्याआधी ऐकली नव्हती. तिला बरं वाटायला नको होतं, घरी जायला नको होतं. साताऱ्यातल्या त्या आठ महिन्यांच्या पोरीवर कुणाचं तरी चित्त असावं, एवढंच हवं होतं.

सातव्या महिन्यात अरुळम्माळची खाट रिकामी झाली. त्या संध्याकाळी दिवे लागले आणि वॉर्ड गप्प राहिला. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. मग कुणीतरी ती प्रार्थना म्हणू लागलं, चाचरत, उच्चार चुकवत. तो आवाज आपलाच आहे हे विमलाला दोन ओळींनंतर कळलं.

"वहिनी," अक्कांचा आवाज आला, "चहा टाकतेस का? मग बोलू."

विमला उठली. अक्का एरवी तिला विमल म्हणत. वहिनी म्हणाल्या की समजायचं, मामला गंभीर आहे.

चहाचे कप फिरले. रविकांत आणि त्याची बायको धनलक्ष्मी सकाळीच वेस्ट मांबलमहून आले होते. रविकांत टी. नगरच्या बँकेत होता. धनलक्ष्मी तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली. तिच्या घरात तीनशे वर्षं मराठी टिकली होती, पण टिकली होती ती तीनशे वर्षांपूर्वीची. आल्या आल्या तिनं अक्कांना "प्रवासांत श्रम फार जाहले कां?" असं विचारलं तेव्हा अक्का तिच्याकडे बघतच राहिल्या होत्या.

"हे बघ वहिनी," अक्का म्हणाल्या, "तू त्या देवळात जातेस हे मला कधीचं ठाऊक आहे. मी एका शब्दानं बोलले? मागं बसतेस, परत येतेस, कृष्णाच्या पूजेची तयारी करतेस. ठीक आहे. पण आता हे नवीन काय?"

"ज्ञानस्नान," विमला म्हणाली. "इथं तसं म्हणतात. उद्या सकाळी अय्यर देणार आहेत."

"अय्यर? म्हणजे ब्राह्मण आहेत?"

"पाद्रींनाच अय्यर म्हणतात अक्का, इथल्या चर्चमध्ये," रविकांत म्हणाला.

"धन्य आहे तुमच्या मद्रासची!" अक्कांनी कप खाली ठेवला. "अगं पण आत्ताच का? वीस वर्षं नव्हतं घेतलंस, काही अडलं होतं?"

"हे महिनाअखेर रिटायर होताहेत. आम्ही साताऱ्याला येणार. जिथं वीस वर्षं मागं बसून उठले, तिथून न सांगता कसं निघू, वन्सं?"

"आणि फाल्गुनात या पोरीचा साखरपुडा आहे त्याचं काय? वाईची माणसं सरळ आहेत, पण जुन्या वळणाची आहेत. मुलगा कॉलेजात शिकवतो, असं स्थळ परत येत नाही. मुलीच्या आईनं धर्म बदलला हे त्यांच्या कानावर गेलं तर काय सांगू मी?"

मुलीच्या आईनं, हे शब्द अक्कांच्या तोंडून निघाले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. प्रमोदिनी खिडकीपाशी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. कुणी तिला विचारलं नव्हतं.

"आई, लग्न होईपर्यंत तरी थांब," रविकांत म्हणाला. "एवढ्या वर्षांत थांबलीस ना?"

"अहो, तुम्ही तरी गप्प बसा हो," धनलक्ष्मी हळूच म्हणाली.

"का? मी चूक बोलतोय?"

विमला नवऱ्याकडे बघत होती. तिला दुसऱ्या कुणाचं उत्तर नको होतं. कृष्णकांतरावांनी पेपरची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"मला धर्माचं काही कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "मला एवढंच वाटतं की तीस वर्षं एका घरात राहिलो, आणि वर गेल्यावर आपले पत्ते वेगळे? हे काही मला बरं वाटत नाही, विमल."

हे ऐकून विमलाला हसू आलं आणि डोळेही भरले. असल्या बाबतीत नवऱ्याला काय सांगावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"पण असं आहे तरी काय त्यात?" अक्का म्हणाल्या. "ते काय म्हणतेस संध्याकाळी, पुटपुटत? आम्हाला कळेल असं सांग की."

मग विमलानं सांगितलं. आजवर तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सुरुवातीला तिला लाज वाटली. अरुळम्माळचं सांगितलं, सुरूच्या झाडांचं सांगितलं. "मला एकच ओळ कळायची, वन्सं. तेवढीच पुरली. वर तुझं चित्त जसं आहे तसंच इथं भूमीवरही असू दे. मी ते म्हणायचे आणि मनात म्हणायचे, साताऱ्याला, शुक्रवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. पत्ता सांगायचे. त्याला उगीच शोधायला लागू नये म्हणून."

प्रमोदिनीच्या बोटावरची ओढणी सुटली.

"छान आहे अर्थ," कृष्णकांतराव म्हणाले, आणि रविकांतही जरा वरमला. कृष्णकांतराव सुनेकडे वळले. "धना, तू तर कॉन्व्हेंटमधली. तुम्हाला शाळेत म्हणायला लावायचे ना रोज? असंच आहे ना ते?"

धनलक्ष्मीनं दहा वर्षं रोज सकाळी, शाळेच्या पटांगणात, ओळीत उभं राहून ती प्रार्थना म्हटली होती. सासूनं सांगायला सुरुवात केली तेव्हाच ती चपापली होती. चित्त कुठून आलं? आणि मग तिला सगळं उमगलं. पहिल्यांदा या घरात आली तेव्हा तिच्या मराठीला सगळे हसले होते, एक विमला सोडून. विमला म्हणाली होती, तुझी भाषा आमच्या भाषेची पणजी आहे, तिला मान द्यायला हवा. त्या बाईच्या एवढ्या जुन्या आधाराला हात कसा लावायचा? होय म्हटलं असतं तर काम झालं असतं. ती होय म्हणणारच होती. पण त्याआधी ती क्षणभर थांबली, आणि ते थांबणं अक्कांनी टिपलं.

"का गं? थांबलीस का?"

"कांही नाही."

"अगं बोल."

"आई," धनलक्ष्मी विमलाकडे वळून म्हणाली, "मज क्षमा करा. सित्तम म्हणजे चित्त नव्हे. तमिळमध्यें सित्तम म्हणजे मर्जी, इच्छा. राजामहाराजांच्या सिनेमांत मंत्री हात जोडून म्हणतो, पाहा, 'सित्तम!' म्हणजे, जशी आपली आज्ञा. तुझी मर्जी जशी वर चालते तशी भूमीवरही चालो, असेंच आहे तें."

"मर्जी?" विमलानं विचारलं.

"होय आई."

"म्हणजे तू करशील ते मला मान्य आहे, असं?"

धनलक्ष्मीनं मान हलवली. तिला रडू येत होतं.

विमलानं सगळ्यांचे कप गोळा केले, मोरीत नेऊन ठेवले, आणि मागचं दार उघडून अंगणात गेली.

"चौदा महिने चुकीचं म्हणत होती की काय मग ही?" रविकांत म्हणाला, आणि लगेच त्याला स्वतःचाच राग आला.

कृष्णकांतरावांना सॅनिटोरियमचा तो व्हरांडा आठवला. ते पंधरा दिवसांतून एकदा जायचे, खाटेपासून चार हात लांब स्टुलावर बसायचे. विमलानं कधी विचारलं नाही की दर रविवारी का येत नाही. ती एवढंच विचारायची, अक्कांचं पत्र आलं का? आलं असेल तर ते वाचून दाखवायचे. पोर धरून उभी राहायला लागली, पोरीला दोन दात आले. विमला डोळे मिटून ऐकायची. आत्ता ते उठायला लागले, तर अक्का आधीच पलंगावरून उतरल्या होत्या.

"अक्का, आत्ता नको. तिला जरा राहू दे."

"तू बस कृष्णा," अक्का म्हणाल्या. "तुला एवढं कळत असतं तर मला पत्र लिहिलं नसतंस."

विमला शेवग्याखाली, धुणं धुण्याच्या दगडावर बसली होती. उन्हं कलली होती आणि समुद्राकडचा वारा इतक्या आत, आवडीपर्यंत, येऊन पोचला होता. शेवग्याची बारीक पांढरी फुलं तिच्या पदरावर पडत होती. तिला ती झटकायची आठवण नव्हती.

तिला राग आला होता. कुणाचा ते नीट कळत नव्हतं. ज्या दिवशी पोर छातीपासून सोडवून नेली, त्या दिवशी कुणी तिला सांगितलं असतं की म्हण, तुझी मर्जी असेल तसं होऊ दे, तर तिनं जीभ चावली असती. आणि तीच ओळ ती रोज म्हणत राहिली. चौदा महिने, आणि नंतरची वीस वर्षं. ती घरी परतली तेव्हा दोन वर्षांची प्रमोदिनी तिला बघून अक्कांच्या पदराआड लपली होती. अक्कांशिवाय जेवेना, झोपेना. डॉक्टर म्हणाले होते, बाईंना आराम हवा, मुलीला घाईनं तोडू नका. पहिलं वर्ष गेलं, मग शाळा सुरू झाली, मग राहूनच गेलं. त्याही दिवसांत ती संध्याकाळी म्हणत होती, तुझी मर्जी. न समजता सही केल्यासारखं.

"सरक जरा," अक्का म्हणाल्या, आणि दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

विमला सरकली. भिंतीपलीकडे शेजारच्या क्वार्टरमध्ये कुणीतरी रेडिओ लावला आणि बंद केला.

"मी भांडायला आले नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणजे आले होते भांडायलाच, पण आत्ता नाही. तुला एक सांगायचंय. आज नाही सांगितलं तर माझ्याच्यानं परत होणार नाही."

"सांगा वन्सं."

"तू बरी होतेस अशी कृष्णाची पत्रं यायला लागली ना, तेव्हा मला झोप लागेना. प्रमूला तेव्हा बोलता यायला लागलं होतं. मला आई म्हणायची. मी शिकवलं नव्हतं गं, देवाशप्पथ, तिनंच म्हटलं. आणि मला मूल नव्हतं." अक्का थांबल्या. "मी देवापुढे बसून म्हणायचे. तू मरावीस असं कधी नाही म्हटलं. कधीच नाही. पण उशिरा यावीस असं म्हटलं. जरा उशिरा. एवढं मागितलं मी."

विमलानं त्यांच्याकडे पाहिलं. एकसष्ट वर्षांच्या, कधी कुणापुढे न नमलेल्या अक्का, हातातल्या बांगड्या एकसारख्या मागंपुढं करत होत्या.

"तू चित्त मागत होतीस तिच्यासाठी, आणि मी हे मागत होते. आज तू पत्ता सांगितलास, तो ऐकला मी. शुक्रवार पेठ, दुसरा मजला. तिथंच बसून मागत होते मी."

विमलाला वाटलं होतं, असं काही कधी कानावर आलं तर आपण कोसळू. पण तसं झालं नाही. वाऱ्यानं फुलं गळत होती, पिवळं ऊन भिंतीवर चढत होतं, आणि तिच्यासमोर तो दुसरा मजला उभा राहिला होता, तापात दिसायचा तसा. पाण्यापलीकडे कुणीतरी पोरीला थोपटत होतं. इतकी वर्षं न दिसलेला चेहरा आता स्वच्छ दिसत होता, आणि तो तिच्या ओळखीचाच होता.

"वन्सं," ती म्हणाली, "प्रमूला गोवर आला होता तेव्हा तुम्ही किती रात्री जागलात?"

"मोजतंय कोण?"

"तिला अंधाराची भीती वाटते म्हणून अजून दिवा ठेवता ना?"

"ठेवते. त्याचं काय?"

"मग मिळालं की मला." विमला म्हणाली. "मी म्हणत होते, तिच्यावर तुझं चित्त असू दे. असलं. तुमच्या हातांनी असलं. मी इतकी वर्षं ते तुमच्याकडून परत मागत होते, मनातल्या मनात. तुम्ही तिचं काही केलंत की मला वाटायचं, हे माझं होतं. पत्रातले ते दोन दातही मला माझेच वाटायचे."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

"आणि तो शब्द?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "ते चुकलं त्याचं वाईट नाही वाटत?"

"वाटलं. आत्ता वाटत होतं. पण खरा अर्थ तेव्हा कळला असता तर मी ते म्हटलंच नसतं, वन्सं. मला तेवढं उचललं नसतं. जे उचलेल तेच त्यानं हातात दिलं असेल." तिनं पदरावरची फुलं झटकली. "आता उचलेल असं वाटतंय. कन्यादानाला तुम्ही आणि तुमचे यजमान बसा. मी कधी बोलले नाही, पण मला बसायचं होतं. आता नाही. तुम्हीच बसा."

"आणि वाईचे?"

"त्यांना लपवून नको. ते सांगायला हवं, आधी. मोडलं तर…" इथं मात्र विमलाचं पुढचं वाक्य होईना. ज्या मर्जीपुढे तिनं आत्ता मान तुकवली होती ती लगेच पहिली किंमत मागत होती, आणि ती किंमत पोरीनं द्यायची होती.

"मी लिहीन त्यांना," खिडकीतून आवाज आला.

प्रमोदिनी गजांना धरून उभी होती. ती किती वेळ तिथं होती, काय काय ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. लहानपणापासून मद्रासची आई म्हणजे तिच्यासाठी दिवाळीला येणारं एक पार्सल होतं. रेशमी काठाचा परकर, डब्यात चकलीसारखे मुरुक्कू, आणि तळाशी घडी घातलेली चिठ्ठी. त्या पार्सलमागे कुणीतरी रोज संध्याकाळी आपला पत्ता म्हणत होतं, हे तिला आज कळलं होतं.

"त्यांच्या घरच्यांना नाही, त्यालाच लिहीन," ती म्हणाली. "सगळं लिहीन. मला दोन आया आहेत, एक देवळात जाते, एक चर्चमध्ये जाते. चालत नसेल तर मला आत्ताच कळू दे. नंतर कळून मी काय करू?"

"अगं पण स्थळ…" अक्का म्हणाल्या.

"आई, तू दोन दिवस गाडीत मला हेच शिकवत आलीस ना, खरं तोंडावर बोलावं म्हणून?"

"ते हिला सुनावण्यासाठी होतं," अक्का म्हणाल्या, आणि मग तिघीही हसल्या. रडता रडता हसू येतं तसं ते होतं, आणि त्यात प्रमोदिनीच्या आवाजात थोडी भीतीही होती.

रविवारी विमला पहाटे उठली. वीस वर्षांच्या सवयीनं ती नवऱ्याच्या पूजेसाठी फुलं तोडायला परडी घेऊन अंगणात गेली, तर तगरीच्या झाडाखाली कृष्णकांतराव आधीच उभे होते. परडीविना आले होते आणि फुलं धोतराच्या ओच्यात गोळा करत होते. त्यांना ते नीट जमत नव्हतं, अर्धी फुलं पायाशी सांडली होती.

"तुम्ही कशाला? मी आले होते ना."

"आज तुला उशीर होईल." त्यांनी ओच्यातली थोडी फुलं वेगळी काढून तिच्या हातात दिली. "तिकडे फुलं चालतात का?"

"चालतात."

"मग ही घेऊन जा. मी येतो बरोबर. मागं बसेन. मी काही म्हणणार नाही, पण बसेन." मग जरा वेळानं ते म्हणाले, "पत्त्याचं मी उगाच बोललो. तू पत्ते शोधून काढशील."

अक्का आल्या नाहीत. "माझ्यानं तिथं पाय टाकवणार नाही, उगाच खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. पण विमलाच्या पांढऱ्या साडीचा पदर मागं चुरगळला होता तो त्यांनी स्वतः नीट केला, आणि दारातून ओरडून विचारलं, "जेवायला काय करू ते तरी सांगून जा!"

"पुरणपोळी करतें मी, आत्याबाई," आतून धनलक्ष्मी म्हणाली. "तुम्ही फक्त बसून सांगा."

"तीनशे वर्षांपूर्वीची नको," अक्का म्हणाल्या.

चर्च लहानसंच होतं, कारखान्याच्या भिंतीलगत. चपला बाहेर, आत सतरंज्या. पेटी वाजत होती. खिडक्यांतून सकाळचं ऊन तिरकं आत येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. बायका डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. आजवर विमला त्या सगळ्यांच्या मागं बसायची. आज ती पुढं होती आणि तिच्या मागं प्रमोदिनी बसली होती. रविकांत आणि कृष्णकांतराव दाराशी, हाताची घडी घालून बसले होते. प्रमोदिनीच्या पर्समध्ये वाईचं पत्र होतं. लिहून झालं होतं, तिकीटही लावलं होतं, पण स्टेशनाबाहेरच्या टपालपेटीजवळून येताना तिचा हात पर्सकडे गेला नव्हता.

अय्यरांनी प्रार्थना सुरू केली आणि सगळे डोळे मिटून म्हणू लागले. विमलाही म्हणत होती. नामम आलं. राज्यम आलं. सुरूची झाडं, पांढऱ्या चादरी, खाटेखालचं पाणी, सगळं हळूहळू जवळ आलं. अरुळम्माळ उठून बसली.

मग तो शब्द आला, आणि विमला अडली. आजवर तो आपोआप निघायचा. आज त्याचं वजन हातावर आलं होतं. पुढं कोण काय म्हणतंय ते तिला ऐकू येईना. वाईची माणसं नाही म्हणाली तर? तरीही?

तेवढ्यात पाठीमागून, अगदी कानाजवळ, तिला मराठी ऐकू आलं. प्रमोदिनीला तमिळचं अक्षर येत नव्हतं. सबंध प्रार्थनेत तिच्या ओळखीचा एकच शब्द आला होता, काल ऐकलेला, आणि तिनं तो घट्ट धरला होता. पर्स पोटाशी धरून, डोळे मिटून, ती हलक्या आवाजात म्हणत होती.

"तुझं चित्त इथं असू दे. वाईला, गणपती आळीत. तुझं चित्त तिथंही असू दे."

विमलानं श्वास घेतला आणि तिचा शब्द स्वच्छ उच्चारला. सित्तम. तिनं तो पहिल्यांदाच समजून म्हटला होता.

पोरीचं तिनं दुरुस्त केलं नाही.